लग्न नक्की कधी लागतं? दोन संस्कृतींचे विधी एका मांडवात आणताना

माझ्या भाचीने लग्नातल्या विधींची पहिली यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर केली. मुलगी आमची, नाशिकच्या इंदिरानगरात वाढलेली. मुलगा मल्याळी कॅथलिक, ओझरला एचएएल या विमान कारखान्याच्या वसाहतीत लहानाचा मोठा झालेला, मराठी आमच्याइतकंच स्वच्छ बोलणारा. यादीत अकरा गोष्टी होत्या: अंतरपाट, सप्तपदी, चर्चमधली शपथ, नवरीच्या गळ्यात बांधायचं मिन्नू हे पदक, दोन रंगांची वाळू एका बरणीत ओतणं, दोन मेणबत्त्यांनी तिसरी पेटवणं, तमिळ लग्नातला झोपाळा, बंगाली शंख, पंजाबी कलीरे, ज्यू लग्नातला काचेचा पेला आणि स्टेजच्या मागे वारली चौक. निम्म्याहून जास्त गोष्टी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आल्या होत्या. पोरांचा हेतू निर्मळ होता. आपलं लग्न सगळ्यांचं वाटावं, कुणी परकं राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

ताईने चष्मा लावून यादी दोनदा वाचली आणि म्हणाली, "सगळं छान आहे गं, पण यात लग्न नक्की कधी लागतं?"

पुढच्या सहा महिन्यांत मला सगळ्यात उपयोगी पडला तो हाच प्रश्न. वेगवेगळ्या संस्कृतींतले विधी एकत्र आणू पाहणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

एका लग्नात तीन गोष्टी चालू असतात

आपलंच मराठी लग्न घ्या. आधी केळवणं, मग मुहूर्तमेढ, घाणा, हळद, हिरवा चुडा, सीमांतपूजन, गौरीहरापुढे बसलेली नवरी, अंतरपाट, मंगलाष्टका, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, झाल, विहिणींची पंगत, सूनमुख, माप. यातलं लग्न कशाने लागतं असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, अक्षता पडल्या की लागलं. बोलण्यापुरतं ते बरोबरच. पण शास्त्र आणि कायदा दोन्ही सप्तपदीकडे बोट दाखवतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात म्हटलं आहे, की ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं आणि दोघांना बांधून घेतं.

गंमत अशी, की आपल्याकडे नेमकी सप्तपदी चालू असताना निम्मा मांडव जेवायला उठलेला असतो. तांदळाच्या सात लहान राशी मांडलेल्या असतात आणि नवरी एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत जाते. पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. 'सखा सप्तपदी भव' हे त्या सातव्या पावलाचे शब्द. सहा पावलं संसाराला काय काय लागतं ते मागतात आणि शेवटचं पाऊल मैत्री मागतं. इतकं सुंदर काही आपल्याच लग्नात आहे आणि त्याचा अर्थ माइकवरून दोन मिनिटं सांगायला कुणी नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता याच लग्नातून कानपिळी काढून टाका. नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळला नाही तर लग्न अडतं का? नाही. रुखवत मांडलं नाही, झाल झाली नाही, तरी अडत नाही. ही घराची रीत. ती घरोघरी, गावोगावी वेगळी असते आणि पिढीगणिक बदलत आलेली असते. हिच्या आत धर्माचा गाभा असतो, म्हणजे ज्या कृतीशिवाय त्या धर्माच्या दृष्टीने लग्नच होत नाही. आणि या दोन्हींशिवाय कायद्याचं लग्न असतं, ज्याचा कागद बँकेत, पासपोर्टला, वारसाहक्काला लागतो.

कुठलाही विधी हाती घेतला की आधी विचारा, हा या तिघांपैकी काय आहे? घराची रीत असेल तर मोकळेपणाने मिसळा. धर्माचा गाभा असेल तर ज्यांचा आहे त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि कायद्याचं काम भावनेवर सोडू नका.

कायद्याचं आधी उरका

वर आणि वधू दोघंही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायदा लागू होतो, आणि या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीखही त्यात येतात. दोघांपैकी कुणा एकाच्या रीतीने विधी झाले तरी चालतात. म्हणजे मराठी मुलगी आणि तमिळ मुलगा यांनी एका बाजूची पद्धत पुरती करावी आणि दुसऱ्या बाजूचं हवं ते त्यात गुंफावं, याला कायद्याची आडकाठी नाही. पण विधी व्हायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे, की विधीच झालेले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्राने या कायद्याखालचं लग्न सिद्ध होत नाही. 'आधी कागद करून घेऊ, समारंभ पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असेल तर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार, अधिकार असलेल्या धर्मगुरूने लावलेलं लग्न कायदेशीर ठरतं. दुसऱ्याने धर्म बदलायलाच हवा अशी अट कायद्यात नाही.

आणि धर्म कुठलाही असो, सगळ्यांना खुली असलेली वाट म्हणजे 1954 चा विशेष विवाह कायदा. वराला 21 आणि वधूला 18 वर्षं पूर्ण हवीत. दोघांपैकी एक जण नोटीस देण्याआधी किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. लग्न मात्र नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं, नाहीतर नोटीस नव्याने. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली असेल तर दसऱ्याच्या सुमारालाच अर्ज टाका. हॉलच्या बुकिंगची धावपळ सगळे करतात, नोटिशीची आठवण शेवटच्या आठवड्यात होते.

या कायद्यातली एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. लग्न कोणत्या पद्धतीने लावायचं ते जोडप्याने ठरवायचं, असं त्यात लिहिलं आहे. अट एवढीच, की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं आपल्याला समजणाऱ्या भाषेत बोलायचं. जादा शुल्क भरलं तर अधिकारी वाजवी अंतरावरच्या मंगल कार्यालयातही येऊ शकतो. म्हणजे कुणाला एकच वाक्य मराठीत आणि मल्याळममध्ये, मांडवातच, सगळ्यांसमोर म्हणायचं असेल तर कायद्याने त्याला जागा ठेवली आहे.

एक सावधगिरी. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या कायद्याखाली दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीशी लग्न केलं तर एकत्र कुटुंबातून ती कायद्याने वेगळी झाली असं धरलं जातं, आणि वारसाहक्क 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे लागू होत नाही. घरात वडिलोपार्जित द्राक्षबाग असेल, सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील, तर पत्रिका छापण्याआधी वकिलाकडे एक फेरी मारा.

शब्द कोणाचे, श्रद्धा कोणाची

आमच्या यादीतलं पहिलं मोठं अडलं ते इथे. भाचीला सकाळी चर्च आणि संध्याकाळी सप्तपदी हवी होती. ती आणि होणारे जावई धर्मगुरूंना भेटायला गेले. बोलणं सौम्य होतं, पण उत्तर स्पष्ट. कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करता येतं, त्यासाठी बिशपांची परवानगी घ्यावी लागते, लग्नपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग करावे लागतात. तिने धर्म बदलायची गरज नव्हती. पण चर्चमधल्या लग्नाच्या आधी किंवा नंतर, त्याच लग्नाचं वचन दुसऱ्या धर्मविधीने पुन्हा द्यायचं नाही, असा कॅथलिक चर्चचा नियम आहे. वचन एकदाच द्यायचं. दुसऱ्यांदा दिलं तर पहिलं अपुरं होतं असं म्हटल्यासारखं होतं.

भाची रडत घरी आली. मलाही पहिल्यांदा राग आला. मग ताईनेच तिला जवळ बसवलं आणि म्हणाली, "आपली सप्तपदी म्हणजे काय नुसतं चालणं आहे का? तेही वचनच आहे ना. मग दोनदा लग्न कशाला लावायचं?" त्यांनी आपला विधी गंभीरपणे घेतला म्हणूनच नाही म्हटलं, हे मला त्या दिवशी उमगलं. ठरलं असं: वचन चर्चमध्ये, आणि आधी-नंतरची घराची रीत दोन्ही घरांची. सप्तपदी सोडली. ती उरकायची म्हणून संध्याकाळी स्टेजवर करणं हा तिचाच अपमान झाला असता. अंतरपाटही सोडला. एकमेकांना अजून पाहिलेलं नाही, आता पाहणार आहोत, या क्षणासाठी तो असतो. सकाळी चर्चमधून हातात हात घालून बाहेर आलेल्या जोडप्यामध्ये संध्याकाळी कापड धरून काय साधणार?

प्रत्येक परंपरेचा असा एक न वाकणारा कणा असतो. निकाह हा करार आहे: एकाच बैठकीत प्रस्ताव आणि स्वीकार, साक्षीदार, आणि मेहेर, जो नवरीचा हक्क असतो. 'कबूल है' हे त्या कराराचे शब्द आहेत, ते संगीताच्या कार्यक्रमात हशा पिकवायला वापरू नयेत. रहत मर्यादा या शिखांच्या आचारसंहितेनुसार आनंद कारज, म्हणजे शीख लग्नविधी, फक्त शिखांसाठी आहे, त्यामुळे दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीसोबत तो व्हावा की नाही यावर त्या समाजात कळकळीने वाद होतात. लावां, म्हणजे त्या विधीत म्हटली जाणारी चार पदं, सुंदर वाटतात म्हणून चार प्रदक्षिणा आपल्या मांडवात आणणं त्यांना दुखावणारं ठरू शकतं.

आणि बौद्ध विवाहाबद्दल आपल्या जिल्ह्यात तरी अज्ञान नसावं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला इथेच सुरू झाला. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात. 1956 च्या दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपती आदी देवतांना देव मानणार नाही आणि कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही, असं स्पष्ट आहे. म्हणून बौद्ध घरात त्रिसरण-पंचशील घेऊन, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर वचन देऊन लग्न लागतं, तेव्हा तिथे होम नसणं ही उणीव नसते. ती विचारपूर्वक घेतलेली भूमिका असते. एक बाजू बौद्ध असताना 'नुसता पत्रिकेवर गणपती छापला तर काय बिघडलं' म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. बिघडतं. तिथे दोन्ही घरांची नावं आणि तारीख एवढीच पत्रिका छापावी, आणि अक्षतांऐवजी फुलं उधळावीत. आपल्या घरची देवपूजा आपण आपल्या घरी आदल्या दिवशी करू शकतो.

सारखं दिसतं म्हणून सारखं नसतं

विधींबद्दल वाचायला लागले तेव्हा सात हा आकडा जागोजागी भेटला. आपली सात पावलं. पारशी लग्नात जोडप्याभोवती सात वेळा गुंडाळला जाणारा दोरा. ज्यू लग्नातले सात आशीर्वाद. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लग्नातले सात धागे, ज्यांच्याकडे मी पुढे येतेच. अशी साम्यं सापडली की आनंद होतो, आणि 'बघा, सगळं एकच आहे' असं म्हणायचा मोह होतो. पण आकडा एक असला तरी काम वेगळं असतं. पावलं मागणी करतात, दोरा बांधतो, आशीर्वाद देवाचे आभार मानतात.

काही साम्यं मात्र खरोखर खोल असतात. पारशी लग्नात 'आरा अंतर' असतं. वर-वधू समोरासमोर बसतात, मध्ये कापड धरलेलं असतं, त्याखालून हात हातात दिलेले असतात, कापड दूर होताच दोघं एकमेकांवर तांदूळ टाकतात आणि आधी कोणी टाकले यावर हसू फुटतं. हे आपल्या अंतरपाटाचं सख्खं भावंड. मराठी-पारशी लग्न असेल तर दोन्हीकडच्या आज्या यावर तासभर बोलू शकतील. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंकडे लग्नाच्या निमित्ताने 'मलिदा' होतो: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, फळं, आणि संदेष्टा एलियाचं स्मरण. प्रार्थना हिब्रू आणि ताटात आपले पोहे. दोन संस्कृती शतकानुशतकं शेजारी राहिल्या की त्यांची जोड अशी नकळत होते.

काचेचा पेला यादीतून निघाला तो त्याची गोष्ट कळल्यावर. ज्यू लग्नात नवरा मुलगा पायाखाली काच फोडतो आणि सगळे जल्लोष करतात, एवढंच व्हिडिओत दिसतं. त्यामागे इ.स. 70 मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमच्या मंदिराचं स्मरण आहे. ऐन आनंदातही ते दुःख विसरायचं नाही, म्हणून काच फुटते. ज्यांचं ते दुःख नाही त्यांनी काच फोडून टाळ्या कशासाठी वाजवायच्या? पोरांनी स्वतःहूनच ते खोडलं.

वारली चौकाबद्दल मात्र मी हट्टाने बोलले. लग्नाच्या लॉन्सवर हल्ली गेरू रंगाचा पडदा आणि त्यावर पांढऱ्या आकृत्या सर्रास दिसतात. लोकांना वाटतं ती नक्षी. वारल्यांचं लग्न असतं तेव्हा घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. चौकात पालघट देवी असते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी चालवते. त्या चौकाशिवाय लग्न होत नाही. म्हणजे आपण ज्याला बॅकड्रॉप म्हणतो तो कुणाचा तरी गौरीहर आहे, मंत्र आहे, साक्ष आहे. आणि त्यापुढे उभं राहून पाहुण्यांबरोबर आईस्क्रीम खात फोटो काढायचे! आपल्याच आसपासच्या डोंगरांतल्या माणसांच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर असावं, हे मला सहन होत नाही. पत्रिकेवर तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाची आकृती असावी, चित्र वारली कलाकाराकडूनच काढून घ्यावं, त्याला मोबदला द्यावा. देवचौक मात्र त्यांच्या घरीच राहू द्यावा.

वाळूचा आणि मेणबत्तीचा विधी याच्या अगदी उलट. हे गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य लग्नांतून पसरले, कुठल्या धर्माचा गाभा नाहीत, त्यामुळे घ्यायला हरकत काहीच नाही. पण त्यात आपलं असंही काही नसतं. झोपाळा, शंख, कलीरे यांच्याबद्दल आम्ही एकच प्रश्न विचारला: हे करणारं आपल्या दोन घरांत कोणी आहे का? नव्हतं. झोपाळ्यावर बसवून दूध-केळं देताना गाणी म्हणायला कुणी तमिळ मामी हवी. ती असती तर झोपाळा नक्की राहिला असता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. दुसऱ्याच्या विधीला हात लावताना संकोच असावा, पण स्वतःच्या विधीत बदल करायचा हक्क आपल्याला पुरेपूर आहे. महाराष्ट्राला हे नवं नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीने 1873 मध्ये पुरोहिताविना पहिलं लग्न लावलं, आणि त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याकडून स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरुष दोघांनाही पौरोहित्य शिकवलं आणि मंत्रांचा अर्थ मराठीत सांगायची पद्धत रुजवली. कन्यादान हा शब्द खटकत असेल, आईने विधवा म्हणून मागे बसणं खटकत असेल, तर ते बदला. कुणाची परवानगी लागत नाही.

सात धागे

केरळच्या सिरियन ख्रिस्ती लग्नात नवऱ्या मुलाकडून नवरीला एक रेशमी साडी येते, तिला मंत्रकोडी म्हणतात. चर्चमध्ये ती आशीर्वादित करून नवरीच्या डोक्यावरून ठेवतात. नवरा मुलगा तिच्या गळ्यात मिन्नू बांधतो. मिन्नू म्हणजे पानाच्या आकाराचं सोन्याचं इवलंसं पदक, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. आणि ते ओवलेलं असतं मंत्रकोडीतूनच काढलेल्या सात धाग्यांच्या दोऱ्यात. काही दिवसांनी मिन्नू सोन्याच्या साखळीत घालतात.

मुलाच्या आईने स्वतःहून विचारलं, "मंत्रकोडी येवल्याची पैठणी घेतली तर चालेल?" ताईला बोलताच येईना.

आम्ही पाच जणी येवल्याला गेलो. जांभळ्या रंगाची, मोरांच्या पदराची घेतली. धागे काढायचे तर रेशीम विणीतून ओढलं की वस्त्राला दोरा पडतो, म्हणून विणकराला विचारलं. तो म्हणाला, पदराच्या टोकाला उभा ताणा मोकळा सुटलेला असतो, त्या दशांतून घ्या, साडीला काही होणार नाही. लग्नाच्या आदल्या दुपारी मुलाची आजी, सगळे तिला अम्मची म्हणतात, खिडकीपाशी उजेडाला बसली. ताईने पदर ताणून धरला. अम्मचीने सुईच्या टोकाने एकेक धागा वेगळा केला, मोजला, ताईच्या तळहातावर ठेवला. सात झाल्यावर दोघींनी दोन टोकं धरून पीळ दिला. पैठणीचा ताणा इतका बारीक, की सातांचा मिळूनही दोरा केसासारखाच दिसत होता. मग अम्मचीने त्याला बळकटी म्हणून आणखी एक साधा रेशमी दोरा जोडला. त्या अर्ध्या तासात दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती याची कुणाला आठवणही झाली नाही.

चर्चमध्ये भाची मोतिया रंगाच्या साडीत होती आणि हातात हिरवा चुडा. मुंडावळ्या मात्र तिने घरीच उतरवून देव्हाऱ्यापाशी ठेवल्या, कारण डोक्यावर मंत्रकोडी यायची होती आणि एकावर एक दोन्ही नकोत, असं तिला वाटलं.

वाळूच्या बरणीचं काय झालं तेही सांगते. मल्याळी घरात नवी सून येते तेव्हा सासू पेटता दिवा घेऊन दारात उभी राहते आणि सून उजवं पाऊल आधी टाकते. आपल्याकडे उंबऱ्यावर तांदळाचं माप. दोन्ही रीती दारातल्याच, दोन्ही घराच्या, म्हणून त्या जोडायला कुणाला विचारावं लागलं नाही. भाचीने वाळूऐवजी माप भरायचं ठरवलं: अर्धं घोटीकडचा इंद्रायणी, अर्धं केरळचा लाल मट्टा. माप आम्ही तांबट आळीतून पितळेचं आणलं.

पण ऐन वेळी अम्मची अडून बसली. अन्नाला पाय लावायचा? तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आम्ही सांगितलं, ही लाथ नसते, सून पायाच्या अंगठ्याने अलगद माप कलतं करते आणि धान्य घरात सांडतं, लक्ष्मी आत येते. तिला ते पटलं, पण बघवेना. मग भाची उंबऱ्याबाहेर खाली वाकली आणि तिने ते माप दोन्ही हातांनी आत ओतलं, आणि मग उजवं पाऊल टाकलं. आमच्यातल्या एका आत्यांनी नाक मुरडलं. मला विचाराल तर हे बदलून जास्त चांगलं झालं. ते मिसळलेले तांदूळ नंतर शिजवायचे कसे हा प्रश्न उरलाच, कारण इंद्रायणी मऊ होतो तोवर मट्टा कच्चाच असतो. ताईने ते दळून आणून त्यांची धिरडी घातली.

तुमच्याकडे असं काही करायचं असेल तर दोन-तीन साध्या गोष्टी आधी बघून ठेवा. प्रत्येक विधीचा अर्थ दोन्ही भाषांत, चार वाक्यांत लिहून माइकवर सांगणारं माणूस नेमा, आणि ते घरातलंच असू द्या. गुरुजी, फादर, भंतेजी, काझी, जे कोणी असतील त्यांना संपूर्ण कार्यक्रम आधी दाखवा, त्यांनी मांडवात येऊन आश्चर्यचकित होऊ नये. फोटोग्राफरला सांगा, की चर्चमध्ये कुठे उभं राहायचं नाही. हॉल किती वाजेपर्यंत आपला आहे ते पाहून विधी कमी करा, कारण तीन विधी शांतपणे होणं हे दहा विधी उरकण्यापेक्षा केव्हाही बरं. आणि ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याप्रमाणे कागद हातात आले का ते बघा. विधींनी लग्न झालं असेल तर महाराष्ट्रात 90 दिवसांत नोंदणी करायची असते.

आमच्या अकरांतले शेवटी चर्चची शपथ आणि मिन्नू राहिले, आणि यादीत नसलेल्या चार-पाच गोष्टी आपोआप आल्या. त्यातली एक विहिणींची पंगत. मुलाच्या आईला आणि अम्मचीला पाटावर बसवलं, पानाभोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली. बायका उखाण्याचा आग्रह करायला लागल्या. भाचीच्या नवऱ्याने अम्मचीला समजावलं, की पूर्वी आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, फक्त अशा वेळी दोन ओळींत गुंफून घ्यायच्या. अम्मचीने घास खाली ठेवला. म्हणाली, मीही कधी घेतलं नाही. हात पुसले, थोडा वेळ गप्प बसली, आणि मल्याळममध्ये दोन ओळी म्हटल्या. त्यात मीनच्चिल नदीचं नाव होतं, तिच्या माहेरची नदी, आणि नंतर आजोबांचं, एवढं मला कळलं. मुलगा भाषांतर करायला उभा राहिला, पण त्याला पुढे बोलता येईना. ताईने अम्मचीच्या पानात श्रीखंड आणखी वाढलं.